आवकताईंचा निकाल

लांब्यानं डबा टेबलाच्या मधोमध ठेवला, झाकण काढलं आणि रीतीप्रमाणे स्वतःच्या तोंडाला कुलूप लावलं. डब्यात सोनेरी कागदात गुंडाळलेल्या चौकोनी वड्या ओळीनं बसल्या होत्या. चहाची किटली फिरायची थांबली. फिटर, स्टोअरमधले लोक, ड्रॉइंगच्या खोलीतली पोरं, झाडून सगळे टेबलाभोवती गोळा झाले आणि सगळ्यांनी आवकताईंकडे पाहिलं.

आवकताईंनी एक वडी उचलली आणि कागद सोडवायला घेतला.

ही कंपनी बाटल्या भरायची यंत्रं बनवायची. यंत्रं जगभर जायची आणि त्यांच्या मागोमाग ती बसवायला, बिघडली की दुरुस्त करायला इथले फिटर जायचे. कुणी बर्फात, कुणी वाळवंटात. येताना प्रत्येकानं तिथलं काहीतरी गोडधोड आणायचंच, ही रीत कुणी पाडली ते आता कुणालाच सांगता आलं नसतं, पण साहेबांच्या कुठल्याही हुकमापेक्षा ती जास्त कडक पाळली जायची. आणणाऱ्यानं ते काय आहे हे सांगायचं नाही. पहिला तुकडा आवकताईंनी खायचा. त्यांनी एका वाक्यात निकाल द्यायचा. तोवर डब्याला कुणी बोट लावायचं नाही.

आवकताई म्हणजे आवक-जावक सांभाळणाऱ्या बाई. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक कागदावर आणि पार्सलावर त्यांचा शिक्का पडायचा. पूर्वी लोक त्यांना आवकजावकताई म्हणत. पण जगभराचा माल त्यांच्या टेबलावरून जाऊनसुद्धा बाई स्वतः कधी गावाची वेस ओलांडून गेल्या नाहीत, तेव्हा त्यातलं जावक आपोआप गळून पडलं. पहिल्या तुकड्याचा मानही त्यांना असाच सहज मिळाला होता. फार वर्षांपूर्वी कुणीतरी गुलाबी, थुलथुलीत असं काही आणलं होतं. आवकताईंनी ते चाखून अगदी गंभीरपणे सांगितलं, “साबणाचा चुलतभाऊ आहे.” सगळं ऑफिस हसलं आणि त्या दिवसापासून त्या न्यायाधीश झाल्या. काळ्याकुट्ट खारट गोळीला त्या म्हणाल्या होत्या, “हे ज्यानं बनवलं त्याचं घरी पटत नसणार.” रेशमी फितीच्या भल्यामोठ्या खोक्यातून फिक्कट चुरा निघाला तेव्हा म्हणाल्या होत्या, “थाट लग्नाचा, जेवण दवाखान्याचं.” हे निकाल फिटर लोक परदेशातसुद्धा एकमेकांना ऐकवायचे.

दिवसभर शिक्के मारणाऱ्या बाईकडे एरवी कोण बघतं? लोक टेबलावर कागद टाकायचे आणि त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बोलत निघून जायचे. पण चहाच्या वेळी डबा उघडला की अख्खं ऑफिस श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघायचं. आवकताईंना हे फार आवडायचं. त्यांनी ते कधी कबूल केलं नसतं, पण ज्या दिवशी कुणी परत यायचं असेल त्या दिवशी त्या केस जरा नीट विंचरून यायच्या.

आणि हिवाळ्यात त्यांना ताप आला. तसा साधाच ताप होता, आठवड्याभरात गेला. पण जाताना त्यानं नाकातला वास आणि जिभेवरची चव दोन्ही नेली. एका सकाळी चहा नुसतं गरम पाणी लागला. त्यांनी साखर घातली, आणखी घातली, आणि मग चमचाभर साखर नुसतीच तोंडात टाकली. वाळू चावल्यासारखी ती कचकच वाजली, एवढंच. डॉक्टर म्हणाले, येईल, कदाचित नाहीही येणार, सांगता येत नाही. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. ऑफिसात नाही आणि घरी नवऱ्यालाही नाही.

तेव्हापासून आलेल्या डब्यांचे निकाल त्यांनी दुसऱ्याच वाटेनं लावले होते. जिभेला खरखरीत, गुळगुळीत, गार, गरम एवढं कळत होतंच. बाकीचं त्या आणणाऱ्याच्या चेहऱ्यावरून वाचायच्या. चांगली वस्तू आणलेल्या माणसाला ते लपवता येत नाही, आणि वाईट आणली असेल तर तो आधीच बुटांकडे बघत असतो. आतापर्यंत निभावलं होतं.

त्यांनी वडी तोंडात ठेवली. दातांखाली भुसभुशीत लागली आणि जिभेवर तेलकट पसरली. त्यांनी लांब्याकडे पाहिलं. दारातून वाकून आत येणारा हा उंच इलेक्ट्रिशियन, त्याच्या तोंडावर विजयी हसू मावत नव्हतं.

“निव्वळ लोणी आहे,” आवकताई म्हणाल्या. “कुणी चावू नका, जिभेवर ठेवून सावकाश विरघळू द्या.”

टेबलाभोवती समाधानाची कुजबुज झाली. आवकताईंचा शब्द तो. सगळ्यांनी एकेक अख्खी वडी जिभेवर ठेवली, तोंडं मिटली आणि लोण्याची वाट बघत उभे राहिले.

पहिला धीर सुटला तो चष्म्याचा. ड्रॉइंगच्या खोलीतला हा तरुण इंजिनिअर कपाळावर चष्मा ठेवून दिवसभर चष्मा शोधायचा, म्हणून त्याचं हे नाव. त्याचे डोळे मोठे झाले, गाल फुगले आणि तो दोन्ही हात तोंडावर धरून बेसिनकडे धावला. त्याच्या मागे शिपाई. मग स्टोअरचे दोघं. बेसिन एकच होतं. राहिलेल्यांनी खिडक्या गाठल्या. कुणी खोकत होतं, कुणी चहाच्या कपातच थुंकत होतं. स्वतः लांब्या एका हातानं गळा धरून दुसऱ्या हातानं पाण्याची बाटली शोधत होता.

मोठे मिस्त्री तेवढे जागचे हलले नाहीत. फिटर लोकांतले ते सगळ्यांत जुने. त्यांनी आवकताईंच्या तोंडाकडे एकदा पाहिलं. मिशीखालचा जबडा घट्ट आवळला, गळ्याची घाटी वर गेली, खाली आली, आणि अख्खी वडी पोटात गेली.

“ताई म्हणतात ते बरोबर आहे,” मिस्त्री घोगऱ्या आवाजात म्हणाले. “लोणीच आहे.”

“मिस्त्री, तुमच्या डोळ्यांतून पाणी येतंय,” चष्मा बेसिनजवळून म्हणाला.

“चांगलं लोणी असलं की येतं.”

तोवर लांब्यानं डबा उलटा केला होता. किमतीची चिठ्ठी नखानं खरवडली तेव्हा तिच्याखाली एक चित्र निघालं. कांदा, गाजर आणि वाफा निघणारं पातेलं. “अरे देवा,” तो म्हणाला. “ह्या सुपात घालायच्या वड्या आहेत. एक वडी अख्ख्या पातेल्याला पुरते. मला ती भाषा कुठे वाचता येते, सोनेरी कागद बघितला आणि उचलल्या.”

एरवी यावर आठवडाभर हसू पुरलं असतं. दोघं-तिघं हसलेही. पण हसता हसता त्यांच्या डोक्यात काहीतरी आलं आणि एकेक चेहरा आवकताईंकडे वळला. त्या वडी खाऊन शांत उभ्या होत्या. ना खोकला, ना ठसका.

आवकताईंनी डब्यातली दुसरी वडी घेतली, कागद सोडवला आणि सगळ्यांसमोर तोंडात टाकली. चावली, गिळली.

“मला काही लागत नाही,” त्या म्हणाल्या. “तापापासून. गोड नाही, खारट नाही, वाससुद्धा नाही. मागचे सगळे निकाल मी तुमची तोंडं बघून दिले.”

त्यांनी आपला कप धुतला, उपडा ठेवला आणि त्या जागेवर जाऊन बसल्या. थोड्या वेळानं शिक्क्याचा आवाज सुरू झाला. त्यांना लाज वाटत होतीच, पण लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती. बोलून दाखवलं नव्हतं तोवर ते दुखणं तात्पुरतं होतं. आता चारचौघांत सांगितलं म्हणजे ते पक्कं झालं, असं त्यांच्या मनानं घेतलं.

घरी आल्या तेव्हा नवरा स्वयंपाकघराच्या ओट्याशी बटाटे सोलत होता. तो शाळेची बस चालवायचा आणि पोरांना घरोघरी सोडून रोज त्यांच्या आधी घरी यायचा. आवकताईंनी पिशवीही खाली ठेवली नाही.

“अहो, मला चव लागत नाही. तापात गेली ती आलीच नाही.”

“माहितीये,” नवरा बटाट्याकडे बघत म्हणाला.

“काय माहितीये?”

“ताप उतरल्यावर तू पहिली भाजी केलीस ना, त्याच दिवशी कळलं.”

आवकताई खुर्चीवर बसल्या. “मग बोलला का नाहीत?”

“तू मला वाढायचीस आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायचीस. मी म्हटलं, आपण तोंड सरळ ठेवावं. तुला सांगावंसं वाटेल तेव्हा सांगशील.”

“परवाच्या भाजीत मीठ कसं होतं?”

“परवा नव्हतंच. परवाचं आदल्या दिवशी पडून गेलं होतं.”

आवकताईंना हसू फुटलं. हिवाळ्यापासून त्या अशा हसल्या नव्हत्या. हसता हसता कधी रडू आलं ते त्यांनाच कळलं नाही. नवऱ्यानं हात पुसले आणि शेजारची खुर्ची ओढून तो बसला.

“मला वाटतं, आता काही येत नाही ती,” त्या म्हणाल्या. “जेवायला बसायचं आणि पोट भरून उठायचं, एवढंच राहिलंय. गुरासारखं. मला फार भीती वाटते हो.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“येईल किंवा नाही येणार.”

“मग निम्मं तरी आपलं आहे,” नवरा म्हणाला आणि उरलेले बटाटे सोलायला उठला. त्या दिवसापासून स्वयंपाकाच्या वेळी तो चमचा घेऊन गॅसजवळ उभा राहू लागला. आवकताई मिठाची चिमूट पातेल्यावर धरायच्या, तो चाखून “टाक” किंवा “बास” म्हणायचा. बस मागे घेताना क्लीनर ओरडतो तशाच सुरात म्हणायचा.

ऑफिसात मात्र घडी विस्कटली. कुणी टोमणा मारला नाही, चेष्टा केली नाही, आणि हेच वाईट होतं. लोक आवकताईंशी हळू आवाजात बोलू लागले. त्या पार्सल घेऊन दारातून आत आल्या की “सावकाश हं ताई” म्हणू लागले, जणू चव नव्हे, त्यांचा पायच गेला होता. त्या चहा आपल्या टेबलावरच मागवू लागल्या. निकालाचं काम चष्म्याकडे आलं. चष्मा पोरगा सरळ, पण जिभेला जसं हाड नसतं तसा त्याच्या जिभेला निकालही नव्हता. पहिल्या डब्याला तो म्हणाला, “ठीक आहे.” दुसऱ्याला म्हणाला, “बऱ्यापैकी आहे.”

“हा निकाल आहे की हवामानाचा अंदाज?” लांब्या चिडला.

मग लोक डब्यातून तुकडा उचलायचे आणि तो चघळत आपापल्या टेबलाकडे जायचे. एक डबा तर तसाच अर्धा राहिला आणि त्याला मुंग्या लागल्या. मुंग्या लागलेला डबा शिपायानं टाकायला नेला तो आवकताईंच्या टेबलावरूनच. त्यांनी तो जाताना पाहिला.

मोठे मिस्त्री लांबच्या दौऱ्यावर निघणार होते. त्यांच्या आधी पाठवायच्या सुट्या भागांच्या पेट्या घेऊन ते आवकताईंकडे आले. शिक्के मारून झाले तरी उभेच राहिले.

“ताई, चहाला टेबलाशी येत नाही तुम्ही.”

“येऊन काय करू? तुमचं मन राखायला वा वा म्हणू?”

“आमच्याकडे एखादं यंत्र फार दिवस बंद राहिलं तर आम्ही काय करतो, माहितीये?” मिस्त्री पेटीवर टेकले. “बटण दाबत नाही. दाबलं तर मोटार जळते. हातोडाही घालत नाही. मोठं चाक असतं त्याला, ते हातानं फिरवायला जातो. पहिल्या दिवशी हलत नाही. दुसऱ्या दिवशीही हलत नाही. तरी रोज जाऊन हात लावायचा, जरा जोर द्यायचा, आणि यायचं.”

“आणि नाहीच हललं तर?”

“तर नाही हलत,” मिस्त्री म्हणाले. “असली दोन-चार मी भंगारातही घातली आहेत. खोटं कशाला सांगू? पण हात न लावता आपोआप हललेलं एकही पाहिलं नाही.”

आवकताईंनी शिक्का शाईच्या गादीवर ठेवला. मिस्त्रींच्या बोलण्यात दया नव्हती, हे त्यांना बरं वाटलं. हा माणूस आपल्याशी कामाचं बोलतोय.

“पहिला तुकडा नका घेऊ,” मिस्त्री निघता निघता म्हणाले. “शेवटचा घ्या. पण घ्या.”

दुसऱ्या दिवशी आवकताई कप घेऊन टेबलाशी आल्या. सगळ्यांनी सरकून जागा करून दिली आणि शिपायानं किटली पहिल्यांदा त्यांच्याकडे वळवली. आणि रीत उलटी झाली. आधी सगळ्यांनी खायचं आणि प्रत्येकानं ते कसं लागतंय ते आवकताईंना सांगायचं. ते ऐकून शेवटी त्यांनी खायचं. निकाल त्यांचाच, पण मिठाईचा नाही, सांगणाऱ्यांचा. ज्यानं सगळ्यांत नेमकं सांगितलं त्याला डब्यातली उरलेली मिठाई.

सुरुवातीला सगळे अडखळले. “गोड आहे,” म्हणायचे आणि गप्प व्हायचे.

“गोड तर साखरही असते,” आवकताई म्हणायच्या. “मी ती वाळूसारखी चावते रोज. पुढे बोला.”

हळूहळू तोंडं उघडली. आल्याचा झणझणीत पाक भरलेल्या गोळ्या आल्या तेव्हा लांब्या म्हणाला, “वेल्डिंगची ठिणगी गिळल्यासारखं.” पण बक्षीस शिपायाला गेलं. तो म्हणाला होता, “सासऱ्यांनी पहिल्यांदा घरी बोलावून पगार विचारला ना ताई, तेव्हा माझे कान असेच तापले होते.” आंबटढाण हिरव्या पट्ट्या आल्या तेव्हा चष्मा बराच वेळ चघळत राहिला आणि म्हणाला, “परीक्षेत पेपर हातात आला आणि त्यातला एकही प्रश्न ओळखीचा नाही.” सगळे त्याच्याकडे बघतच राहिले. आवकताईंनी डबा उचलून त्याच्या हातात दिला. पोरगा लाजून लाल झाला आणि त्या दिवसापासून चहाच्या आधीच विचार करू लागला.

फिटर लोकांनी तर या कामाचा ध्यासच घेतला. मवाळ मिठाईनं काही व्हायचं नाही, काहीतरी जबरी पाहिजे, असं त्यांनी आपसांत ठरवलं होतं. परदेशातल्या दुकानांत जाऊन ते हातवारे करून सांगायचे, तुमच्याकडची सगळ्यांत वाईट मिठाई द्या. लांब्याला एका दुकानदारानं यावरून बाहेर काढलं. डांबराच्या वासाच्या गोळ्या आल्या. मिरचीत घोळवलेली फळं आली. एका डब्याला इतकी दुर्गंधी होती की तो खिडकीबाहेर ठेवून एकेक तुकडा आत आणावा लागला, आणि खिडकीशी नेहमी येणारा कावळाही दोन दिवस फिरकला नाही. सगळ्यांनी डोळे मिटून, नाकं दाबून ते खाल्लं. आवकताईंच्या जिभेला ते चिवट आहे एवढंच कळलं.

त्या रोज हात लावत होत्या, चाक हलत नव्हतं. कधी कधी घरी जाताना त्यांना वाटायचं की ही सगळी माणसं आपल्यापायी पोट बिघडवून घेताहेत आणि आपल्याकडून त्यांना काही मिळत नाही. मग सकाळी परत वाटायचं, आज कुणीतरी यायचंय. आणि केस नीट विंचरले जायचे.

मोठे मिस्त्री परत आले तेव्हा उन्हाळा उतरणीला लागला होता. चहाच्या वेळी त्यांनी टेबलावर डबा ठेवला तो जरा खाली मान घालूनच. साधा पत्र्याचा डबा, वर चित्र नाही की कागद नाही.

“जबरी काही मिळालं नाही,” ते म्हणाले. न सांगायचा नियम त्यांनीच मोडला. “कारखाना आडबाजूला होता. जवळ एका म्हातारीचं घर होतं, ती मधाचं काहीतरी करायची, तेच आणलं. यात दम नाही ताई, आधीच सांगतो. पुढच्या वेळी बघू.”

“तुम्ही आलात ते बास,” आवकताई म्हणाल्या.

डबा फिरला. पातळ, तपकिरी पापुद्र्यांची वडी होती. सगळ्यांनी पहिला घास घेतला. वाईट वड्यांवर सगळे मोकळेपणानं बोलायचे, आता शब्द सुचेनात. लांब्या डोळे मिटून उभा राहिला. स्टोअरचा एकजण खाली बसला.

“सांगा की,” आवकताई म्हणाल्या.

“ताई,” शिपाई म्हणाला, “घरी गेलो आणि सगळे झोपलेत, कुणाला काही दुखत नाही, कुणाचं काही मागणं नाही. तसं.”

“मी लहान असताना आई बाहेरून यायची,” चष्मा म्हणाला आणि पुढे त्याला बोलता येईना.

हे त्याच्याकडून ऐकल्यावर आवकताईंचा हात डब्याकडे गेला. आजवर डांबराची, मिरचीची चव लागली नाही याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. ही वडी मात्र आपल्याला लागायला हवी होती, असं त्यांना फार वाटलं. त्यांनी तुकडा मोडला आणि तोंडात ठेवला. पापुद्रे मोडले. ओलसर, चिकट. त्यांनी चावलं. आणि त्यांचं तोंड वाकडं झालं.

“हे काय आहे?” त्या म्हणाल्या.

“काय झालं?”

“जळकं आहे हे. रबर जळल्यासारखं. पट्टा घासून घासून जळतो ना मशीनचा, तसं.” त्यांनी नाक मुरडलं. “शी. मिस्त्री, घाण आहे हो हे.”

कुणी हललं नाही. आवकताईंनी सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांच्या तोंडात तीच वडी होती आणि कुणाच्याही तोंडावर जळकं रबर नव्हतं. क्षणभर त्यांना कळेना, ही माणसं अशी का बघताहेत. मग कळलं. त्यांचा हात आपोआप तोंडावर गेला आणि डोळे भरून आले.

“माझ्या मावशीचं असंच झालं होतं,” चष्मा घाईघाईनं म्हणाला. “आधी तिला सगळं जळकं लागायचं, सगळंच, दूधसुद्धा. मग थोडं थोडं सरळ होत गेलं. वर्ष लागलं तिला, पण झालं.”

मिस्त्रींनी मिशीवरून हात फिरवला. ज्या वडीसाठी ते डबा मांडीवर घेऊन दोन विमानं बदलून आले होते, तिला या बाईनं भर टेबलावर घाण म्हटलं होतं, आणि त्यांच्या तोंडावर असं हसू होतं की ते लपवायला त्यांना जागा सापडत नव्हती.

“नक्की घाण आहे ना?” त्यांनी विचारलं. “आमचं मन राखायला म्हणत नाही ना?”

“नक्की,” आवकताई डोळे पुसत म्हणाल्या. “इतकं घाण आजवर या टेबलावर कुणी आणलं नव्हतं.”

लांब्यानं पाठ फिरवली आणि तो उगाचच खिडकीची कडी तपासू लागला. शिपाई हातात किटली धरून तसाच उभा होता. मिस्त्रींनी डबा उचलून आवकताईंच्या पुढ्यात सरकवला.

“मग आणखी एक घ्या,” ते म्हणाले.

आवकताईंनी घेतली. या वेळी तुकडा नाही, अख्खी वडी. ती तोंडात ठेवताच त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या, डोळे बारीक झाले आणि अंगावर शहारा आला. सगळं ऑफिस त्यांच्या तोंडाकडे बघत होतं. त्या सावकाश चावत राहिल्या. गिळायची त्यांना मुळीच घाई नव्हती.